चू, शोकु, छोक : मेणबत्तीच्या एका अक्षराची वाट

डावीकडे विस्तव, चार रेघांचा. उजवीकडे वर आडवा पडलेला डोळा, त्याखाली वळसा घेत उतरणारी पाठ आणि त्या वळशाच्या पोटात एक किडा. एकूण सतरा रेघा. चिनी लिपीतलं मेणबत्तीचं अक्षर असं लिहितात. पुण्यात इतकी वर्षं जपानी शिकवताना हे अक्षर फळ्यावर काढायची वेळ क्वचितच आली, कारण परीक्षेत ते विचारत नाहीत. जपान सरकारनं २०१० साली सुधारलेल्या रोजच्या वापराच्या यादीत २१३६ अक्षरं आहेत, त्यांत हे नाही. जपानी माणसं ‘रोसोकु’ हा मेणबत्तीचा शब्द बहुधा हिरागानात, नुसत्या उच्चाराप्रमाणे लिहितात. तरी वर्गात एखादा विद्यार्थी निघतोच, ज्याला देवळाच्या पाटीवर किंवा जुन्या कादंबरीत हे अक्षर दिसलेलं असतं. त्यानं विचारलं की माझा तास लांबतो.

लांबतो, कारण हे एक अक्षर चीनमधून चार दिशांना गेलं, पण सगळीकडे एकाच वेळी गेलं नाही. ते ज्या काळात ज्या देशात पोचलं, त्या काळी माणसाच्या हातात जो उजेड होता तो त्या भाषेत राहून गेला. राजघराणी, लढाया, तह यांचा इतिहास मी वाचलेला आहे. पण त्या माणसांना रात्री काय आणि किती दिसत होतं, हे मला या अक्षरानं शिकवलं.

आधी उच्चार. मँडरिन बोलणारा ‘चू’ म्हणतो, आवाज खालून वर चढवत. हाँगकाँगचा माणूस ‘चुक’ म्हणतो. कोरियात ‘छोक’, व्हिएतनाममध्येही ‘चुक’, जपानात ‘शोकु’ आणि बौद्ध ग्रंथांबरोबर आलेल्या जुन्या वळणाप्रमाणे ‘सोकु’. शेवटचा ‘क’ या सगळ्यांनी सांभाळला. उत्तर चीनमध्ये तेवढा तो गळून पडला. अक्षरातला विस्तव अर्थ सांगतो, उजवा भाग उच्चार. त्या उजव्या भागाचा स्वतःचा उच्चार ‘शू’, मूळ अर्थ अळी. आणि शू हेच आजच्या सिचुआनमधल्या एका प्राचीन राज्याचं नाव. चिन राज्यानं ते इ. स. पू. ३१६ मध्ये जिंकून घेतलं. म्हणजे विस्तवाशेजारचा किडा तिथे केवळ आवाजापुरता आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सिचुआनमध्ये एका किड्याची गाठ पडणार आहे.

चीननं १९५० च्या दशकात लिपी सोपी केली तेव्हा उजवीकडचा डोळा आणि पाठ काढून टाकली, किडा ठेवला. आता चीनमध्ये मेणबत्ती दहा रेघांची आहे, विस्तव आणि किडा. ‘एकटा’ आणि ‘स्पर्श’ या शब्दांच्या अक्षरांतही हाच उजवा भाग होता. ती दोन्ही जपाननं महायुद्धानंतर अशीच आटोपशीर केली. मेणबत्तीचं अक्षर यादीबाहेर राहिलं म्हणून जपानात ते अजून सतरा रेघांचंच आहे.

हे अक्षर घडलं तेव्हा चीनमध्ये मेणबत्ती नव्हती. इ. स. १०० च्या सुमारास शू शन या पंडितानं चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश रचला. त्यात या अक्षराचा अर्थ अंगणात पेटवायचा विस्तव असा दिला आहे. वाळक्या काड्यांची जुडी बांधून पेटवायची आणि हातात धरायची. आपल्या कोकणात अंधारातून वाट काढताना झावळीची चूड पेटवत, तसाच हा प्रकार. चूड टेकवून ठेवता येत नाही, कुणीतरी ती धरून उभं राहावं किंवा बसावं लागतं. चीनच्या सगळ्यात जुन्या गोष्टींत हे अक्षर येतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यामागे तो धरणारा असतो. बहुधा नोकर, पुष्कळदा लहान मुलगा.

‘ली ची’ या विधींच्या प्राचीन ग्रंथात कन्फ्यूशियसचा शिष्य झेंगझी मरणाला टेकला आहे. मुलं पायांशी बसली आहेत, शिष्य शेजारी आहे, आणि खोलीच्या कोपऱ्यात एक पोरगा उजेड धरून बसला आहे. त्या पोराला झेंगझीच्या अंगाखालची चटई दिसते. चटई सुरेख, गुळगुळीत, मोठ्या अधिकाऱ्याला शोभेल अशी आहे आणि तो तसं बोलून दाखवतो. शिष्य त्याला गप्प करू पाहतो. पण झेंगझीनं ऐकलेलं असतं. ती चटई त्याला भेट मिळालेली होती, त्याच्या दर्जाची नव्हती. ती आत्ताच्या आत्ता बदला, असा तो हट्ट धरतो. लोक त्याला उचलतात, दुसरी चटई घालतात, आणि तिच्यावर तो नीट निजतो न निजतो तोच प्राण सोडतो. या प्रसंगावर शतकानुशतकं टीका लिहिल्या गेल्या, बहुतेक झेंगझीच्या सचोटीवर. मला तो पोरगा महत्त्वाचा वाटतो. खोलीतला उजेड त्याच्या हातात होता, म्हणून चटई त्याला दिसली.

त्याच ग्रंथात पाहुणचाराचा एक बारीक नियम आहे. जळून उरलेली बुडखी पाहुण्याच्या नजरेला पडू देऊ नयेत. भाष्यकार कारण देतात की बुडखी साचलेली पाहून रात्र फार झाली, यजमानाला त्रास झाला असं पाहुण्याला वाटेल आणि तो उठू लागेल. वाचताना मला त्या घरातल्या माणसांची धावपळ दिसते. एक जुडी संपत आली की दुसरी तयार, जळकी बुडखी गुपचूप बाहेर.

तिसरी गोष्ट हान फेई या विचारवंताची, इ. स. पू. तिसऱ्या शतकातली. यिंग नगरातला एक माणूस रात्री येन राज्याच्या मंत्र्याला पत्र लिहीत होता. उजेड पुरेना, म्हणून तो उजेड धरणाऱ्याला म्हणाला, उजेड वर धर. बोलता बोलता तेच शब्द हातून पत्रात उतरले. येनच्या मंत्र्यानं पत्र वाचलं आणि विचार करकरून अर्थ लावला : उजेड वर धरा म्हणजे तेजाला मान द्या, म्हणजे गुणी माणसांना वर आणा. त्यानं राजाला तसा सल्ला दिला, राजानं मानला आणि राज्य सुधारलं. हान फेईला यातून त्याच्या काळच्या पंडितांना टोचायचं होतं. पूर्वजांच्या लिखाणातून हवे ते अर्थ काढणारे लोक त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्याचं ते टोचणं बरोबरच आहे. पण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी रात्री पत्र लिहायचं तर दोन माणसं लागत, ही गोष्ट तो न सांगता सांगून गेला आहे.

हान सम्राटांनी इ. स. पू. १११ मध्ये आजच्या उत्तर व्हिएतनामचा ताबा घेतला आणि जवळजवळ हजार वर्षं तिथे चिनी राजवटींचा अंमल राहिला. व्हिएतनामी भाषेत त्यामुळे चिनी शब्दांचे थर साचले. वरचा थर पंडितांचा, तांग काळातल्या पुस्तकी उच्चारांचा. ‘चुक’ हा उच्चार त्यातला. त्याच्याखाली एक जुना थर आहे, आधीच्या शतकांत बाजारात, शेतात, घरात कानांवरून आलेल्या शब्दांचा. त्या थरात ‘दुओक’ हा शब्द सापडतो आणि भाषेचे अभ्यासक तो याच अक्षराचा जुना उच्चार मानतात. प्राचीन चिनीत या अक्षराची सुरुवात च नं नव्हे, त नं होत होती असं ते सांगतात. ‘दुओक’ त्या आवाजाच्या जवळ आहे. आणि ‘दुओक’ म्हणजे आजही मशाल. व्हिएतनामी माणूस मेणबत्तीला ‘नेन’ म्हणतो, हा शब्द वेगळा. शब्द चीनमधून निघाला तेव्हा त्याचा अर्थ मशाल होता. पुढे चीनमध्ये मशालीची मेणबत्ती झाली, पण तिकडे गेलेली मशाल मशालच राहिली. चीनच्या जुन्या रात्रींबद्दल इतका चोख पुरावा मला दुसरा माहीत नाही.

मेण आलं ते मधमाशीचं, आणि आलं ते श्रीमंतांकडे. ‘पश्चिम राजधानीच्या गोष्टी’ नावाच्या एका जुन्या संग्रहात नोंद आहे की दक्षिणेकडच्या मिन-युए देशाच्या राजानं हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाला दोनशे मधमेणाच्या बत्त्या नजराणा म्हणून पाठवल्या. दोनशे बत्त्या सम्राटाला देण्याजोगी भेट होती! इ. स. ३०० मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला त्या शी चुंग नावाच्या धनाढ्यानं तर कहर केला. वांग खाय या राजाच्या नातेवाइकाशी त्याची श्रीमंतीची चढाओढ लागली होती. वांग खायकडे भांडी साखरेच्या पाकानं घासत, म्हणून शी चुंगनं चुलीत सरपणाऐवजी मेणबत्त्या घातल्या. ज्या काळात गरिबाघरी दिवेलागणीला झोपायची वेळ होई, त्या काळातली ही गोष्ट आहे. ती वाचून मला आजही राग येतो.

आता सिचुआन. पांढरं मेण करणारा एक कीटक चीनमध्ये आहे. लाखेचा किडा ज्या खवलेकिड्यांच्या जातकुळीतला, त्याच जातकुळीतला. झाडांच्या फांद्यांना चिकटून त्याची नर पिल्लं अंगाभोवती मेणाचा शुभ्र थर धरतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस चौ मी या लेखकानं या मेणाच्या लागवडीचं वर्णन करून ठेवलं आहे. सोळाव्या शतकात ली शिचन या थोर वैद्यानं आपल्या औषधिकोशात स्पष्ट लिहिलं की तांग आणि सुंग काळात पांढरं मेण म्हणजे मधमाशीचंच मेण. किड्याचं मेण लोकांना युआन काळापासून कळलं आणि आता ते रोजच्या वापरात आहे. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, हे किड्याचं ऐंशीच्या वर. चीनमधली सर्वसामान्य मेणबत्ती एका झाडाच्या बियांवरच्या चरबीची असे आणि उन्हाळ्यात ती वाकून पडे. तिला वरून या पांढऱ्या मेणाचं पातळ कवच दिलं की ती ताठ उभी राही. राजवाड्यातला उजेड साध्या घरात आला तो या कवचामुळे, असं मला वाटतं.

या मेणाचा व्यापार मी प्रथम वाचला तो अलेक्झांडर होझी या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुस्तकात. १८८० च्या दशकात त्याची नेमणूक चुंगचिंगला होती आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानाला या किड्याची माहिती हवी होती. होझीनं जे पाहिलं ते असं. दक्षिणेला च्यानचांगच्या उबदार खोऱ्यात किड्याची अंडी उत्तम होतात, पण मेण चांगलं होत नाही. मेण उत्तम होतं ते उत्तरेला, अमेई पर्वताजवळच्या च्याटिंग भागात, म्हणजे आजच्या लशानमध्ये. मधे डोंगर. म्हणून दर वसंतात हमाल अंड्यांच्या पुड्या पाठीवर घेऊन निघत. एका ओझ्यात साठेक पुड्या. दिवसाच्या उन्हानं अंडी वाटेतच उबली तर सगळं गेलं, म्हणून चालायचं फक्त रात्री. दिवसा थंड जागा शोधून पुड्या उलगडून ठेवायच्या. एरवी सूर्यास्ताला बंद होणाऱ्या गावांच्या वेशी त्या दिवसांत या लोकांसाठी रात्रभर उघड्या ठेवत. पोचल्यावर अंडी पानांच्या पुडीत घालून फांदीला टांगायची. सुमारे शंभर दिवसांत फांद्या बर्फ पडल्यासारख्या पांढऱ्या होत. मग त्या तोडून, खरवडून, पाण्यात उकळून मेण काढायचं.

विस्तव, शू आणि किडा. अक्षरात जे आहे ते सगळं या डोंगरवाटेवर होतं. माझे विद्यार्थी हे ऐकून हमखास म्हणतात, म्हणजे अक्षर इथूनच आलं असणार! तसं नाही. अक्षर या व्यापाराहून हजारभर वर्षांनी तरी जुनं आहे, आणि किडा त्यात आवाजासाठी आला, हे वर सांगितलंच. हा योगायोग आहे. पण दुसऱ्यांच्या घरातल्या उजेडासाठी रात्रीच्या काळोखात डोंगर चढणाऱ्या त्या हजारो हमालांची आठवण करून देणारा म्हणून मी तो प्रत्येक वर्गाला सांगते.

जपानात मेणबत्ती पोचली ती देवळात. नारा इथल्या दाइआन-जी या मठाच्या इ. स. ७४७ च्या मालमत्तेच्या यादीत मेणबत्तीची नोंद आहे. जपानातली ही सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. ते मेण चीनमधून येत होतं. नवव्या शतकाअखेर जपाननं तांग दरबारी दूत पाठवणं थांबवलं, आणि पुढे देशात पाइनच्या राळेच्या बत्त्या वापरल्या जाऊ लागल्या. जपानचं स्वतःचं मेण आलं ते फार नंतर, ‘हाझे’ नावाच्या झाडाच्या फळांतून. हे झाड र्‍युक्यू बेटांकडून क्यूशूत आलं. एदो काळात दक्षिणेकडच्या जहागिरींनी त्याची लागवड करून घेतली आणि मेणावर तिजोऱ्या भरल्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही काळ शिकोकू बेटावर मात्सुयामाला होतो. तिथून आगगाडीनं थोड्याच अंतरावर उचिको आहे, जुन्या ओझू जहागिरीतलं मेणाचं गाव. मेइजी काळात इथलं पांढरं मेण परदेशी जात होतं. मेणाच्या पैशावर बांधलेले फिकट पिवळ्या भिंतींचे वाडे अजून उभे आहेत, आणि योकाइची-गोकोकुची ती गल्ली १९८२ पासून सरकारी संरक्षणाखाली आहे. पॅराफिन आणि वीज आली तसा धंदा बसला. वाडे राहिले, मेण गेलं. तरी एका दुकानात मेणबत्त्या हातानं होतात, आणि मी वेळ मिळेल तेव्हा तिथे जाऊन बसत असे.

कारागीर मांडी घालून बसलेला. बांबूच्या सळईवर कागदाची सुरळी, तिच्यावर एका गवताचा मऊ गाभा दोऱ्यासारखा गुंडाळलेला, आणि तो सुटू नये म्हणून वर रेशमाच्या कापसाचा एक पदर. ही झाली वात. शेजारी पातेल्यात हाताला सोसेल इतपत कोमट मेण. एका हातानं तो सळयांची चळत फिरवी, दुसऱ्या उघड्या हातानं मेण घेऊन त्यांना माखत जाई. माखायचं, वाळू द्यायचं, पुन्हा माखायचं. मेणबत्ती आडवी कापली तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. शेवटी सळई ओढून काढली की वात आतून पोकळ राहते. त्या पोकळीतून हवा वर चढते, म्हणून या मेणबत्तीची ज्योत उंच असते आणि वारा नसतानाही हलते. मेणही फारसं ओघळत नाही, काजळीही कमी. त्या माणसाच्या तळहाताला एकही भेग नव्हती. मेणानं त्याचे हात लहान मुलाच्या हातांसारखे ठेवले होते.

एदो शहरात मेणबत्ती इतकी महाग होती की ओघळून साचलेलं मेण विकत घेणारे फेरीवाले दारोदार फिरत आणि त्याच्या पुन्हा मेणबत्त्या होत. काबुकीच्या नाटकघरांत काळ्या कपड्यांतला एक मदतनीस लांब दांड्याच्या टोकाला मेणबत्ती लावून ती नटाच्या चेहऱ्यासमोर धरी. नट वळला की दांडा वळे. झेंगझीच्या खोलीतला पोरगा मला तिथे पुन्हा भेटतो, प्रेक्षकांनी न पाहायचा आणि ज्याच्यावाचून काहीच दिसणार नाही असा.

मेणबत्ती हातातून खाली ठेवता आली, आणि मग ती वेळ मोजू लागली. पाचव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण चीनमध्ये राजपुत्र श्याव झिल्यांग रात्री विद्वानांना जमवी, मेणबत्तीवर खुणा करी आणि एक तसू जळेपर्यंत चार यमकांची कविता पुरी करायला लावी. ही प्रथा कोरियात पोचली. अकराव्या शतकात छ्वे छुंग या निवृत्त मंत्र्यानं विद्यालय काढलं होतं; त्याचे विद्यार्थी उन्हाळ्यात बौद्ध मठात राहून अभ्यास करत. एखादा मोठा विद्वान भेटीला आला की मेणबत्तीवर खूण करून कवितेची शर्यत लागे, मग निकाल वाचून दाखवत. कोरियन इतिहासग्रंथांनी त्या शर्यतीचं नाव जपून ठेवलं आहे, आणि त्या नावात ‘छोक’ आहे. एक शिक्षिका म्हणून मला त्या मठातल्या रात्रीचा हेवा वाटतो.

पण हे अक्षर घराघरात पोचलं ते लग्नामुळे. लग्नाच्या रात्री नवराबायकोच्या खोलीत नक्षीच्या लाल मेणबत्त्यांची जोडी लावायची, एकीवर ड्रॅगन, दुसरीवर फीनिक्स, आणि दोन्ही पहाटेपर्यंत विझू द्यायच्या नाहीत, ही चिनी चाल. त्यावरून ‘फुलांची मेणबत्ती’ म्हणजे लग्न असा वाक्प्रचार झाला आणि तो चारही भाषांत गेला. व्हिएतनामी लोक चिनी शब्द जसेच्या तसे ‘होआ चुक’ म्हणून वापरतात. जपानी लग्नपत्रिकेच्या भारदस्त भाषेत सोहळ्याला ‘काशोकु नो तेन’ म्हणतात. त्यात आजही तेच यादीबाहेरचं अक्षर असतं. कोरियन माणूस ‘ह्वाछोक’ पेटवला असं म्हणतो, म्हणजे लग्न केलं. तिथे तर ते शब्दापुरतं राहिलेलं नाही. सोलच्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये सोहळा सुरू होताना दोन्हीकडच्या आया हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून, हातात हात घालून पुढे जातात आणि एकेक मेणबत्ती लावतात. वधूच्या बाजूची लाल, वराच्या बाजूची निळी.

‘ली ची’ मध्ये कन्फ्यूशियसच्या तोंडी एक नियम आहे. ज्या घरातून लेक सासरी गेली, त्या घरी तीन रात्री दिवे विझवत नाहीत, कारण ताटातूट मनात असते. फुलांची मेणबत्ती जिथे पेटते ते घर सगळ्यांना माहीत असतं, तिच्या कविता झाल्या, पत्रिका छापल्या. मुलीच्या माहेरी तीन रात्री जळणाऱ्या त्या जुन्या उजेडाबद्दल फार थोडे बोलतात. माझी लेक लग्न होऊन गेली तेव्हा तीन रात्री मी आणि माझे यजमान दोघंही उशिरापर्यंत जागे होतो, स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून. तेव्हा हा नियम माझ्या वाचनात आलेला नव्हता.

विजेचा काळ मी झटपट सांगते. दिव्याचा उजेड मोजायला युरोपनं मेणबत्ती हेच माप ठरवलं होतं. त्याचं भाषांतर करताना पूर्व आशियानं हेच अक्षर घेतलं. जपानात सोळा ‘शोकु’चे बल्ब विकले जात, कोरियात जुनी माणसं अजून ‘तीस छोक’चा बल्ब म्हणतात. आपल्याकडे पेट्रोमॅक्सच्या बत्तीवर कँडलपॉवर लिहिलेली असे, तसंच हे. १९४८ साली कँडेला हे आंतरराष्ट्रीय माप आलं आणि हे शब्द मागे पडले. १९३३ मध्ये तानिझाकी जुन्इचिरो यांनी सावल्यांवरच्या आपल्या निबंधात क्योतोच्या एका भोजनगृहाची आठवण लिहिली. तिथेही विजेचे दिवे आलेले पाहून त्यांनी मेणबत्तीचं शमादान मागवलं, आणि तिच्या हलत्या उजेडात लाखेच्या भांड्यांचं खरं रूप त्यांना दिसलं. उचिकोची ज्योत पाहिलेली असल्यामुळे त्यांचं म्हणणं मला शब्दशः पटतं.

मग गेल्या चाळीसेक वर्षांत ही खाली ठेवलेली मेणबत्ती लोकांनी पुन्हा हातात घेतली. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १९९० ते २०१९ दर वर्षी ४ जूनला, त्यानान्मन चौकात मारल्या गेलेल्यांसाठी, हजारो लोक मेणबत्त्या घेऊन बसत. २०२० पासून ते बंद पाडलं गेलं. चीनमध्ये त्या तारखेच्या सुमारास, २०१२ साली, वेइबो या समाजमाध्यमावरून मेणबत्तीचं चित्रच काढून टाकण्यात आलं होतं. राज्यकर्त्यांना एका बोटभर चित्राची भीती वाटावी, यात त्या उजेडाची ताकद कळते.

कोरियात सुरुवात २००२ ची. जूनमध्ये अमेरिकन लष्कराच्या चिलखती गाडीखाली दोन शाळकरी मुली मेल्या, नोव्हेंबरमध्ये लष्करी न्यायालयानं सैनिकांना निर्दोष सोडलं. इंटरनेटवरून हाक गेली आणि सोलच्या ग्वांग्ह्वामुनला माणसं मेणबत्त्या घेऊन उभी राहिली. कायद्यानं सूर्यास्तानंतर मैदानी सभांना बंदी होती, सांस्कृतिक कार्यक्रमांना नव्हती; म्हणून पुढच्या काळात या सभांना मेणबत्ती-महोत्सव म्हणत, गाणी म्हणत. मेणबत्तीला कोरियन बोलीत ‘छो’ म्हणतात, तोही याच अक्षराचा झिजलेला उच्चार, आणि तिच्या उजेडाला ‘छोत्बुल’. २९ ऑक्टोबर २०१६ पासून दर शनिवारी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांच्या विरोधात छोत्बुल सभा भरू लागल्या. ३ डिसेंबरला आयोजकांच्या मते देशभरात तेवीस लाख लोक होते. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला होता की वारा आला की मेणबत्त्या विझतात. लोकांनी उत्तरादाखल बॅटरीच्या मेणबत्त्या आणल्या. १० मार्च २०१७ रोजी संविधान न्यायालयानं पार्क यांना पदावरून काढलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सोलमध्ये नोकरी करते. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तिथे राष्ट्राध्यक्ष यून यांनी लष्करी कायदा पुकारला आणि काही तासांत संसदेनं तो उलथवला, तेव्हापासून ती मला रोज लिहीत होती. संसदेसमोरच्या गर्दीत पुष्कळ तरुण मुली होत्या आणि त्यांच्या हातात आवडत्या गायकांच्या मैफलींना नेतात त्या रंगीत लाइटस्टिक होत्या. वयस्क माणसांच्या हातात मात्र कागदी पेल्यातल्या मेणबत्त्याच. मुली आजोबांना लाइटस्टिकचं बटण दाखवत होत्या. १४ डिसेंबरला महाभियोगाचा ठराव मंजूर झाला, ४ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष यून पदावरून गेले. त्या मोर्चांत पहिल्यापासून असलेल्या एका संघटनेचं नाव ‘छोत्बुल हेंगदोंग’, मेणबत्ती-कृती. माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं, बाई, लाइटस्टिकलाही छोत्बुल म्हणायचं का? तिथे सगळे म्हणतात, मग म्हणायचं, असं मी तिला कळवलं.